सांदवाडीतली बिऱ्हाडं

भरवेलीचं नाव काढलं की ऐकणाऱ्याला दगड आठवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. बालाघाट शहराला लागून असलेलं हे आमचं गाव मँगनीजवर उभं आहे. इथली खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. 1909 साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या फर्मर साहेबानं हिंदुस्थानातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि ह्या पट्ट्यातल्या एका खडकाला गोंडांच्या नावावरून 'गोंडाइट' असं नाव देऊन टाकलं. आमच्या भागातल्या गोष्टींना नावं बाहेरचे लोक ठेवतात, हा जुनाच रिवाज आहे. त्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

मी ह्याच खाणीच्या सर्व्हे खात्यात एकतीस वर्षं काढली. साखळी ओढण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी शेवटी नकाशे माझ्या हातून जाऊ लागले. सकाळी पिंजऱ्यात उभं राहायचं, घंटी वाजली की खाली जायचं. खाली काळोख इतका दाट, की टोपीवरच्या दिव्याचा जेवढा गोल पडेल तेवढंच जग. त्या गोलाबाहेर काय आहे ह्याचा विचार करायचा नाही आणि त्या गोलाच्या आतलं काही नजरेतून सुटू द्यायचं नाही, ही शिस्त अंगात मुरली. पुढे फुलपाखरांच्या मागे लागलो तेव्हा हीच शिस्त कामी आली. खाली रंग म्हणून नव्हताच. पाळी संपवून वर आलं की पहिली काही मिनिटं साधं गवतसुद्धा डोळ्यांत भरून यायचं. माझ्याबरोबरचे कोणी वर आल्याबरोबर बिडी पेटवायचे, कोणी चहा सांगायचे. मी घरी जाऊन सांदवाडीत बसायचो.

सांदवाडी हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. घरामागची, कुंपण घातलेली, भाजीपाल्याची जागा म्हणजे सांदवाडी. तिकडे परस म्हणतात. आमचे हिंदी बोलणारे शेजारी बाडी म्हणतात. आमची सांदवाडी काही मोठी नाही. एक लिंबू, एक सीताफळ, विहिरीच्या अंगाला गोडनिंब, दोडक्याचा मांडव, वांगी-टमाटरांच्या दोन ओळी, कुंपणाशी एरंडी आणि कोणी न लावता आलेली रुई. पावसाळ्यात तरोटा इतका माजतो की त्याची भाजी खाऊन खाऊन घरातले कंटाळतात. एवढ्याशा जागेत पाहण्यासारखं काय असणार, असं मलाही वाटायचं. मी तिथे बसायचो तो उजेड पाहायला.

कॅमेरा आला 1986 साली. नागपूरला सीताबर्डीवर एका दुकानात वापरलेला झेनिट मिळाला. रशियन बनावटीचा, वरवंट्यासारखा जड, आणि बटण दाबलं की शेजारच्या घरात ऐकू जाईल असा खटका. घेतला होता तो भाच्याच्या लग्नासाठी. लग्नात अर्ध्या पाहुण्यांची डोकी कापली गेली हे नातेवाइकांनी बरीच वर्षं लक्षात ठेवलं. मग एकदा त्याच दुकानदारानं भिंग आणि कॅमेरा ह्यांच्यामध्ये बसवायच्या तीन रिंगा दाखवल्या. भिंग फिल्मपासून जितकं दूर सरकवाल तितकी वस्तू मोठी उमटते, एवढंच त्यातलं शास्त्र. मी घरी येऊन वांग्याच्या फुलावर बसलेला एक किडा टिपला. महिन्याभरानं फोटो हातात आला तेव्हा त्या किड्याच्या पायांवर केस दिसले. केस! तीस वर्षं ज्याला आपण नखानं उडवून लावलं त्याच्या पायांवर ओळीनं उभे केस, आणि प्रत्येक केसावर परागाचा पिवळा कण. मी तो फोटो खिशात घालून चार दिवस खाणीत हिंडलो.

फिल्मच्या दिवसांबद्दल आज कोणाला सांगितलं तर दंतकथा वाटेल. एका गुंडाळीत छत्तीस फोटो. एक गुंडाळी आम्ही दोन-दोन महिने पुरवायचो, आणि ती पुरी झाली की गोंदियाला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती धुवायला द्यायची. तेव्हा गोंदियापर्यंत छोटी लाईन होती. गाडी जशी रमतगमत जायची तसेच फोटोही रमतगमत यायचे. छत्तीसांतले पाच चांगले निघाले तर दिवाळी. कारण रिंगा लावल्या की एक अडचण उभी राहते. उजेड कमी पडतो, आणि जेवढं अंतर स्पष्ट दिसतं ते ज्वारीच्या दाण्याएवढंही उरत नाही. डोळा धरावा तर पंख धूसर, पंख धरावा तर डोळा धूसर. श्वास घेतला तरी नेम चुकतो. मी फ्लॅशवर दुधाच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा ताणून बांधत असे, म्हणजे उजेड मऊ पडतो. फुलपाखराचे मिटलेले पंख आणि फिल्म एकमेकांना समांतर धरायची हेही हळूहळू कळलं. ह्यातलं काहीच कोणी शिकवलं नाही. थिओडोलाइटवर नजर बसलेल्या माणसाला मात्र ते फार जड गेलं नाही.

खरी गोम वेळेची आहे. कीटकांना आपल्यासारखी अंगची कायमची ऊब नसते. पंखांचे स्नायू तीस अंशांच्या आसपास तापल्याशिवाय बहुतेक फुलपाखरांना नीट उडता येत नाही. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षातली पहाट ही आमची पंढरी. गवतावर दव, दवात न्हालेली फुलपाखरं काडीला लटकलेली, आणि उजाडलं की पंख उघडून उन्हाकडे पाठ करून शेकत बसलेली, जशी चौकातली म्हातारी माणसं शेकोटीला बसतात तशी. तेवढा अर्धा-पाऊण तास आपला. सावली मात्र अंगावर पडू द्यायची नाही. त्यांच्या डोळ्यांना आपल्याइतका बारकावा दिसत नाही, पण हालचाल लगेच कळते.

आतापर्यंत मी 'मी, मी' करत आलो, पण ह्या धंद्यात आम्ही दोघं भागीदार होतो. फोटो काढणं माझं आणि शोधणं सौ.चं. तिचे डोळे म्हणजे चमत्कार होता. परातभर तांदूळ समोर घेऊन ती गप्पा मारत बसायची आणि गप्पा मारता मारता एकेक खडा उचलून बाजूला टाकायची. ताटाकडे पाहते आहे असं वाटायचंही नाही. सीताफळाच्या पानावर बसलेला पानासारखाच टोळ, कुंपणाच्या काडीवर काडीसारखी ताठ उभी राहिलेली अळी, हे सगळं तिनं दाखवायचं आणि मी गुडघ्यांवर जायचं. 'अहो, या जी इकडे, तुमचं गिऱ्हाईक आलं,' अशी हाक आली की मी जेवणावरूनही उठत असे.

भागीदारीत भांडणं व्हायचीच. आमचं भांडण लिंबावरून. लिंबाच्या कोवळ्या पानांवर एक फुलपाखरू येऊन पोटाचं टोक टेकवून जातं. काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं, आता त्याला लिंबाळी म्हणतात. मागे एक पिवळसर मोती राहतो, मोहरीहून लहान. तीन-चार दिवसांनी त्यातून अळी निघते ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी, तपकिरी-पांढरी. पक्षी कशाला तिला खाईल? मोठी झाली की ती कात टाकून हिरवीगार होते, आणि बोट लावलं तर मानेमागून दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढते. त्याला असा उग्र वास येतो की हात धुवावा लागतो. मी ह्या शिंगाचा फोटो मिळावा म्हणून आठवडाभर अळ्यांना त्रास दिला, आणि त्या आठवड्यात त्यांनी अर्धं लिंबू बोडकं केलं. सौ.चं म्हणणं, लिंबाचं लोणचं जबलपूरला मुलाकडे पाठवायचं आहे, फोटो पाठवून त्याच्या डब्यात काय घालू? शेवटी तह झाला. लिंबू तिचं, गोडनिंब अळ्यांचा. लिंबावर अळी दिसली की ती मारायची नाही, पानासकट उचलून गोडनिंबावर नेऊन ठेवायची. दोन्ही झाडं एकाच घराण्यातली असल्यामुळे अळ्यांनी सहसा तक्रार केली नाही. गोडनिंबाला बाहेर कढीपत्ता म्हणतात आणि आमच्याकडे हिंदीत मीठी नीम. आमच्या घरी वरणाला फोडणी देताना पानं मोजून तोडली जायची ती ह्या तहामुळे.

सगळंच गोड नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. एकदा एका कोषावर आम्ही आठ दिवस डोळा ठेवून होतो. कोषाचा रंग गडद होतो, आतले पंख बाहेरून दिसू लागतात, तेव्हा समजायचं की उद्या सकाळी. हा कोष गडद झाला तो काही वेगळाच. नवव्या दिवशी त्याला एक टाचणीएवढं भोक पडलं आणि त्यातून बारीक बारीक माश्या निघू लागल्या, एकीमागून एक, मोजता येईनात इतक्या. गांधीलमाशीच्या गणगोतातल्या ह्या माश्या कोषात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आतल्या आत सगळं खाऊन टाकतात. सौ.ला ते पाहवलं नाही. मी फोटो काढले. ते चांगले आले आहेत, पण अल्बममध्ये तिनं लावू दिले नाहीत.

आता नावांची गोष्ट. आमच्यासारख्या दोन भाषांच्या सरहद्दीवरच्या घरात एकाच प्राण्याची तीन-तीन नावं असतात आणि नेमकी जी हवी ती नसतात. फुलपाखरू आणि तितली, अळी आणि इल्ली, काजवा आणि जुगनू. मृग लागला की जमिनीवर लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. आम्ही त्याला मृगाचा किडा म्हणायचो, शेजारी बीरबहूटी म्हणायचे आणि शाळेतले गुरुजी इंद्रगोप. तिघांनाही तो किडा वाटायचा. रिंगा लावून फोटो काढला तेव्हा मी पाय मोजले, आठ भरले. म्हणजे तो कीटकच नव्हे, कोळ्या-गोचिडांच्या बाजूचा. तीन नावं आणि एकही बरोबर नाही! पण फुलपाखरांच्या जातींना मात्र कोणत्याच भाषेत नावं नव्हती. पिवळं, पांढरं, काळं, ठिपक्यांचं, बस्स. वहीत लिहायचं काय?

उत्तर शोधताना गंमत कळली. आमच्या भागातल्या फुलपाखरांची पहिली मोठी यादी बेथम नावाच्या इंग्रजानं 1890-91 साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात छापली. त्यानंतर 1931 साली डी'अब्रू ह्यांनी नागपूर संग्रहालयाच्या प्रकाशनमालेत मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची यादी काढली. हे संग्रहालय म्हणजेच आपला अजब बंगला. त्या याद्यांमध्ये नागपूर आणि बालाघाट एकाच प्रांतात आहेत. ते होतेच. 1 नोव्हेंबर 1956 ला प्रांतांची वाटणी झाली, भंडारा तिकडे गेला, बालाघाट इकडे राहिला आणि आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. माझ्या वडिलांना हे शेवटपर्यंत अंगवळणी पडलं नाही. कचेरीचं काम निघालं की ते 'नागपूरला जावं लागेल' असंच म्हणायचे.

पुढे 2015 साली महाराष्ट्रानं आपलं राज्य फुलपाखरू जाहीर केलं, ब्लू मॉरमॉन. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. मग तिथल्या जैवविविधता मंडळाच्या पुढाकारानं जातीजातींना मराठी नावं मिळाली, आणि ती यादी भंडाऱ्याच्या एका मित्रानं मला लिहून पाठवली. मी ती सौ.ला वाचून दाखवली त्या संध्याकाळी आम्हाला इतकं हसू आलं, इतका आनंद झाला! रुईवर वाढणारं ते नारिंगी फुलपाखरू, त्याचं नाव बिबळ्या कडवा. किती नेमकं! रुईच्या चिकातलं विष अळीच्या अंगात उतरतं आणि फुलपाखरू झाल्यावरही राहतं, म्हणून पक्ष्यांना ते कडू लागतं. एका छोट्या चांदव्याची मादी ह्या कडव्याचं सोंग घेते. ती स्वतः कडू नाही, नुसती तशी दिसते आणि पक्ष्यांना चकवते. तिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. आणि आंब्याच्या बांडगुळावरून येणाऱ्या पिवळ्या-लाल फुलपाखराचं नाव हळदीकुंकू. सौ. म्हणाली, 'हे नाव ठेवणारी बाईच असंल.' मी खातरी देऊ शकलो नाही. सरकारी दृष्टीनं ही नावं आमची नव्हेत, सरहद्दीपलीकडची आहेत. पण हळदीकुंकू आमच्या आंब्यावर यायचं ते कोणत्या राज्यातून येतं हे पाहायला आम्ही कधी गेलो नाही. माझी नात जबलपूरला हिंदी माध्यमातून शिकते. सुटीत आली की ती म्हणते, 'आजोबा, वो हळदीकुंकूवाली तितली आई क्या?' मला ह्या वाक्यात काही खटकत नाही.

घरामागच्या जागेत आयुष्य काढणारे आम्हीच वेडे, असं मात्र नाही. फ्रान्समध्ये फाब्र नावाच्या एका निवृत्त शिक्षकानं 1879 साली सेरिन्याँ गावी दगडधोंड्यांचं एक रान विकत घेतलं आणि 1915 साली मरेपर्यंत तिथल्या गांधीलमाश्या आणि शेणकिडे पाहत राहिला. त्याहून मला जवळच्या वाटतात त्या इंग्लंडातल्या जेनिफर ओवेन. लेस्टर शहरातलं चारचौघांसारखं घर आणि मागे चारचौघांसारखी बाग. 1972 पासून 2001 पर्यंत, तीस वर्षं, त्या बागेत जे जे दिसलं त्याची त्यांनी नोंद ठेवली. भरले 2,673 प्रकारचे जीव, त्यात 1,997 कीटक! मधेच त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झाला, चालणं अवघड झालं, तरी नोंदी चालू राहिल्या. आमच्या वहीत फुलपाखरांनी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडली आहे. तो आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आपली वही लहान वाटली. सौ.ला मात्र आकड्यापेक्षा त्या बाईंच्या आजारपणाची चौकशी जास्त. 'चालता येत नव्हतं तर मंग त्या पाहात कशा होत्या?' असं तिनं दोनदा विचारलं. तेव्हा तिला स्वतःला काही झालेलं नव्हतं.

2017 च्या उन्हाळ्यात एक दिवस ती तांदूळ निवडताना थांबली. म्हणाली, 'खडा दिसतो जी, पण त्याच्याकडे पाहायला गेलं की नाहीसा होतो.' मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. नागपूरला डोळे दाखवले. डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मध्ये एक लहानशी जागा असते, मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं ही सगळी बारीक कामं ती जागा करते. तीच झिजत चालली होती, दोन्ही डोळ्यांत. ह्या आजाराचा एक ओला प्रकार असतो, त्याला डोळ्यात इंजेक्शन देतात. हिचा कोरडा. गेलेलं परत आणणारं औषध त्याला नाही. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढून मधला भाग पेन्सिलीनं काळा केला आणि म्हणाले, 'कडेची नजर सहसा जात नाही. वस्तूकडे सरळ पाहू नका, थोडं बाजूला पाहा, म्हणजे ती कडेनं दिसेल.'

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मी तिला काय दिसतं हे विचारलं नाही. मी एकतीस वर्षं असा राहिलो होतो की दिव्याच्या गोलात तेवढं दिसायचं आणि भोवती काळोख. तिचं नेमकं उलटं झालं होतं.

त्यानंतर वर्षभर कॅमेरा कपाटात होता. तोवर झेनिट जाऊन डिजिटल आला होता, फिल्मचा हिशेब संपला होता, मी निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. सवड भरपूर आणि मन नाही. मग एका पावसाळ्यात, आम्ही दोघं मागच्या पडवीत चहा घेत असताना तिनं एकाएकी मान वळवली. 'गोडनिंबावर काहीतरी हाललं.' मला काही दिसलं नाही. उठून गेलो तर पानाच्या खालच्या अंगाला एक फुलपाखरू अंडं घालत होतं. पुढे ध्यानात आलं की हे योगायोगानं झालेलं नाही. कडेच्या नजरेला बारकावा कळत नाही, पण हालचाल उत्तम कळते. मधली नजर गेल्यावर तिच्याजवळ तेवढीच राहिली होती आणि तिचा कस लागत होता. ती सांगते 'डावीकडे, वर, आता खाली बसलं', आणि मी जातो. तिथे काय आहे हे तिला माहीत नसतं. पूर्वी ती प्राणी दाखवायची, आता दिशा दाखवते. एकदा मी तिला सांगितलं की फुलपाखरालाही साधारण असंच दिसतं, बारीक कमी आणि हालचाल जास्त. ती म्हणाली, 'मंग त्यालाही तांदूळ निवडता येत नसतील.'

रात्री आम्ही फोटो दूरदर्शन संचाच्या मोठ्या पडद्यावर लावतो. मुलानं त्याची तार जोडून दिली आहे. सौ. पडद्याच्या अगदी जवळ, एका बाजूला खुर्ची घेऊन बसते आणि तिरकी पाहते. फुलपाखराचा डोळा नारळाएवढा होतो. पंखावरची खवलं, जी बोटाला लागली तर भुकटी वाटते, ती कौलांसारखी ओळीनं बसवलेली दिसतात. तिला मुलाचा चेहरा पुरता ओळखू येत नाही, लिंबाळीचा येतो. मुलाचा चेहराही तेवढा मोठा करून दाखवावा असं मला सुचलं होतं. एकदा दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, 'थकल्यासारखा दिसून राहिला. कामाचा त्रास असंल.' त्या फोटोनंतर मी आणखी दाखवले नाहीत.

मुलाचं म्हणणं आम्ही जबलपूरला यावं. त्याचं काहीच चुकत नाही. तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर आहे, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ, आणि माझंही वय आता झाडावर चढायचं राहिलेलं नाही. विहिरीला कठडा आहे, पण विहीर ती विहीरच. घराला गिऱ्हाईकही आहे, सांदवाडीवर दोन खोल्या निघतील असा त्याचा हिशेब आहे. तो हिशेब बरोबर आहे, मी फूटपट्टी लावून पाहिला. सौ. ह्या विषयावर वाद घालत नाही. एवढंच म्हणते, 'तिथं भिंती पाठ व्हायला मला वर्ष लागंल. इथं माझे पाय पाहतात.' मुलगा दिवाळीला येणार आहे. तेव्हा बोलणं निघेल आणि 'होळीनंतर पाहू' असं ठरेल, असा माझा अंदाज आहे. मागच्या वर्षीही तसंच ठरलं होतं.

सध्या आमचं काम वांग्यांच्या ओळीत चाललं आहे. त्याला कारण तीच. गेल्या पंधरवड्यात एका सकाळी ती म्हणाली, 'ही माशी फुलावर बसली की आवाज बदलते.' मी इतकी वर्षं वांगी पाहतो आहे, मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. जाऊन कान दिला. पोटावर निळे पट्टे असलेली एक मधमाशी आहे. उडताना तिचा आवाज मध्यम असतो, पण वांग्याच्या फुलाला मिठी मारली की एकदम बारीक आणि तीव्र होतो, क्षणभर, मग थांबतो, पुन्हा होतो. पुस्तकात पाहिलं तेव्हा उलगडा झाला. वांग्याच्या आणि टमाटराच्या फुलात पराग मोकळा नसतो. पिवळ्या नळ्यांत बंद असतो आणि नळीच्या टोकाला एवढंसं भोक. ही माशी फूल घट्ट धरते, पंख मिटून ठेवते आणि नुसते उडायचे स्नायू थरथरवते. त्या थरथरीनं, डबीतून मीठ शिंपावं तसा, पराग तिच्या पोटावर पडतो. पोळ्यातल्या नेहमीच्या मधमाश्यांना ही विद्या येत नाही.

मी फोटो काढले. पडद्यावर लावले. माशीचे पंख मिटलेले, पाय फुलाला घट्ट, सगळं स्वच्छ आलं होतं. सौ.नं तिरकं पाहून घेतलं आणि म्हणाली, 'ह्याच्यात तर ती झोपल्यासारखी दिसते.' बरोबर होतं. थरथर फोटोत येत नाही.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला, ऊन तापल्यावर, ती स्वतः ओळीत जाऊन वाकली आणि चाचपडत एका फुलाच्या देठाला बोट लावून उभी राहिली. मी म्हटलं, चावेल. ती म्हणाली, 'गप राहा जी, येऊन राहिली ती.' माशी आली, फुलाला बिलगली, आवाज बारीक झाला. सौ. हसली. 'देठात येते जी, बोटाला कळते.' मी खटका दाबला. त्या फोटोत तिचं बोट स्पष्ट आलं आहे, नखाजवळचा हळदीचा डागसुद्धा, आणि माशी धूसर. दोन्ही एका रेषेत आणायची तर कॅमेरा ओळीच्या पलीकडच्या बाजूनं धरावा लागेल आणि मधलं एक टमाटराचं रोप काढावं लागेल. रोपाला फळं धरलेली आहेत. त्याबद्दल घरात बोलणी चालू आहेत.